घर ओलांडून मिलानला

शिकागोहून परत येऊन दोन वर्षं होतील, पण माळ्यावरची ती निळी बॅग दिसली की अजून डोक्यात तिडीक जाते.

धाकट्या बहिणीचं दुसरं बाळंतपण होतं. आईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती बाळ रांगायला लागल्यानंतरची. माझ्याकडे दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा होता आणि मी राहते जर्मनीत, माइंझला. मी जायचं हे न बोलताच ठरलं. फ्रँकफर्टचा विमानतळ आमच्याकडून लोकलने अर्ध्या तासावर, तिथून शिकागोला थेट विमान. जाऊन-येऊन 1140 युरो.

मी अर्धवेळ नोकरी करते. रोज रात्री भांडी आवरली की लॅपटॉप उघडून तारखा मागेपुढे करून बघायची. एका रात्री सहज फ्रँकफर्टच्या जागी मिलान टाकलं. 560 युरो! मार्ग बघितला तर मिलान ते फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्टहून शिकागो. विमानाचा नंबर तोच, वेळ तीच. मी पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला.

कारण नंतर समजलं. फ्रँकफर्टच्या माणसाला घराजवळून थेट विमान मिळतं, म्हणून तो जास्त मोजतो. मिलानच्या माणसापुढे पॅरिस, झुरिक, लंडन असे अनेक रस्ते असतात. त्याला आपल्याकडे ओढायला कंपनी भाव पाडते. धंदा म्हणून कळतं, पण मन मानत नाही. मी साताऱ्याची. कोल्हापूर-पुणे एसटीत साताऱ्याला चढलं की साताऱ्यापासूनचे पैसे. निम्म्या भाड्यात पुण्याला जायचं म्हणून आधी कोल्हापूर गाठणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग वाटलं, तिकीट मिलानचं काढावं आणि फ्रँकफर्टलाच चढावं. नवऱ्याने अटी वाचून दाखवल्या. पहिला टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट रद्द, परतीचंसुद्धा. आपल्या रेल्वेत चढायचं स्टेशन बदलून मिळतं. इथे पैसे भरलेल्या जागेवर न बसण्याचाही हक्क नाही.

डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन मी ट्रेनने स्वित्झर्लंड ओलांडून मिलानला गेले, रात्र एका स्वस्त खोलीत काढली, सकाळी विमानाने फ्रँकफर्टला आले. जाताना एवढं काही वाटलं नाही. बहिणीला भेटायची ओढ होती.

खरा त्रास परतीला झाला. शिकागोच्या काउंटरवर मी हात जोडून विनवलं, बॅग फ्रँकफर्टपर्यंतच पाठवा, माझं घर तिथे आहे. ती बाई सौम्यपणे म्हणाली, तिकीट मिलानपर्यंतचं आहे, बॅगही मिलानपर्यंतच जाणार. मशीनमधून पांढरी पट्टी निघाली, तिच्यावर ठळक अक्षरांत एमएक्सपी. मिलानच्या मालपेन्सा विमानतळाची खूण. बॅगेत बहिणीने धुऊन परत दिलेले स्टीलचे डबे होते, मुलाचे बूट होते, आणि आईसाठी काढलेल्या बाळाच्या फोटोंचा अल्बम.

फ्रँकफर्टला पहाटे उतरले. मध्ये चार तास होते. नवरा आणि मुलगा भेटायला आले होते, म्हणून बाहेर पडले. तिघांनी एका बाकावर बसून घरून आणलेले पराठे खाल्ले. मुलगा आठ वर्षांचा. त्याने विचारलं, "आई, तू आली आहेस ना? मग परत कुठे चाललीस?" मी म्हटलं, बॅग आणायला. त्याला ते काही केल्या पटेना. मलाही पटलेलं नव्हतं. त्याचा हात सोडवून मी पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी राहिले, आल्प्स ओलांडून गेले, बॅग उचलली आणि ट्रेनने परत निघाले. घरी पोचायला रात्र झाली.

ट्रेन, खोली सगळं धरून वाचले साधारण 300 युरो. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही.

कुणी असं तिकीट काढणार असेल तर परतीला फक्त हातातलं सामान ठेवा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. आणि एक हक्क लक्षात ठेवा. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानात, कंपनी कुठलीही असो, तिच्या चुकीने अमेरिकेत पोचायला चार तासांहून जास्त उशीर झाला तर 600 युरो भरपाई मागता येते. येताना मात्र कंपनी युरोपची असेल तरच.

परवा मैत्रिणीने फोन केला, तिला बोस्टनला लेकीकडे जायचं आहे. मी तावातावाने सांगितलं, सरळ घराजवळून थेट तिकीट काढ, जिवाला त्रास नको. तिने रक्कम सांगितली. मी क्षणभर गप्प झाले आणि म्हटलं, "थांब, फोन ठेवू नकोस. आधी मिलान टाकून बघ."