मनाली ते लेह : खरा रायडर कोण?

मोटारसायकलवाल्यांच्या जगात एक समज पक्का बसलेला आहे. ज्याने मनालीहून लेहपर्यंत गाडी नेली तो खरा रायडर. बाकीचे सारे भाजी आणायला गाडी वापरणारे. हा रस्ता पूर्वी रोहतांग खिंडीवरून जात असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि ४६ किलोमीटरचा वळसा वाचला. तरीही सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला उरतोच. त्यात बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला अशा चार उंच खिंडी लागतात. 'ला' म्हणजेच खिंड. हिवाळ्यात बर्फामुळे काही महिने हा रस्ता बंद असतो.

२०२२ च्या जुलैत आम्ही तिघे या रस्त्याने गेलो. आमचे शेजारी, रेल्वेच्या कारखान्यात फिटर असलेले दादा, आमचा भाचा आणि आम्ही. दादांची जुनी स्प्लेंडर, भाच्याची नवी कोरी बुलेट. आम्ही स्वतः मागे बसणारे. दोन्ही गाड्यांतले पेट्रोल काढून टाकले, गोणपाटात गुंडाळल्या आणि रेल्वेच्या पार्सलने चंदिगडपर्यंत पाठवल्या. तिथून पुढे चाकांवर.

बुलेटविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ही गाडी मूळची इंग्रजी. १९५५ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. आधी लष्कराने घेतली, पुढे पोलिसांकडे आली आणि हळूहळू खेड्यातल्या बड्या बागायतदाराच्या दारात उभी राहिली. आमच्या लहानपणी वेशीवर तो धडधड आवाज आला की आमच्या वस्तीतले म्हातारे-कोतारे आपोआप रस्त्याच्या कडेला होत. आवाज ओळखीचा होता, गाडी आपली नव्हती. म्हणून भाच्याने हप्त्यावर बुलेट घेतली आणि आमच्या बहिणीने तिला हार घातला, तेव्हा व्याजाचा हिशोब मांडून दाखवण्याचा मोह आम्ही आवरला. त्याने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, तो मात्र आम्हाला पटला नाही. कायद्यालाही पटत नाही.

केलाँगच्या अलीकडे टांडी येथे पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी अनेक वर्षे फोटोंतून झळकत आली आहे. तिथे दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. कारकुनी सवयीने आम्ही वहीत नोंद ठेवली होती. लेहला पोहोचेपर्यंत स्प्लेंडरला दोन माणसे आणि सामान घेऊन साडेसात लिटर लागले, बुलेटला एकट्या भाच्याला घेऊन बारा. भाचा म्हणाला, "मामा, हिशोबाने गाडी चालवत नसतात." दादा नुसते हसले.

या रस्त्याचे काही नियम पुस्तकात नाहीत, पण ते मोडता येत नाहीत. पहिला म्हणजे पाण्याचा. ऊन चढले की वरचे बर्फ वितळते आणि रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारनंतर फुगतात. तेव्हा पहाटे निघावे, नाले सकाळीच ओलांडावेत. दुसरा नियम श्वासाचा. उंची एकदम चढू नये. आम्ही जिस्पाला दोन रात्री काढल्या, नंतर सरचूला एक आणि पांगला एक. सरचूला भाच्याचे डोके ठणकू लागले. वय तरणे आणि छाती भरदार म्हणून विरळ हवा कोणाला सवलत देत नाही. पाणी प्यायचे, गुमान पडून राहायचे आणि दुखणे वाढले तर खाली उतरायचे, एवढाच उपाय. सकाळी त्याला बरे वाटले तेव्हाच पुढे निघालो.

बारालाचाच्या अलीकडे झिंगझिंगबारजवळ रस्त्याचे काम चालू होते. सीमा सडक संघटनेच्या या रस्त्यांवर झारखंडच्या दुमका भागातले, बिहारचे, नेपाळचे मजूर राबतात. मे २०२० च्या टाळेबंदीत झारखंड सरकारने लडाखमध्ये अडकलेले असे साठ मजूर विमानाने रांचीला नेले होते, हे काही वाचकांना आठवत असेल. तोंडाला फडकी बांधलेले, डांबराच्या धुराने काळवंडलेले ते लोक पाहिले आणि आमच्या वडिलांच्या पिढीची खडी फोडण्याची कामे आठवली. तिथेच चिखलात स्प्लेंडर रुतली. एका मजुराने फावडे टाकले आणि मागून जोर लावला. गाडी निघाली. त्याच वेळी मागून महागड्या गाड्यांचा एक तांडा आला. अंगात गुडघ्या-कोपरांना कवच असलेले पोशाख, टोपावर कॅमेरा. त्यांना चित्रीकरणात मजूर नको होते म्हणून ते हॉर्न वाजवून त्यांना बाजूला सारू लागले. दादांनी गाडी उभी केली, त्या मजुराला आपल्या पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू दिले, त्याचे गाव विचारले. भाच्याने बुलेटचे इंजिन बंद करून ठेवले होते. कोणी सांगितले नव्हते.

पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणे. तिथे स्प्लेंडर धापा टाकू लागली. कारण सोपे आहे. वर हवा विरळ, पण कार्बोरेटर पेट्रोल मात्र पहिल्याइतकेच सोडतो. मग ते पुरते जळत नाही, धूर काळा येतो आणि जोर जातो. भाच्याच्या बुलेटला इंजेक्शन असल्याने तिचे ती पाहून घेत होती. दादांनी हवेचा स्क्रू थोडा फिरवला, प्लग पुसला. तरी तांगलांग ला चढताना आम्हाला उतरावेच लागले. पाच हजार तीनशे मीटरच्या वर, दर वीस पावलांनी थांबत, आम्ही पायी चाललो. पगारी रजा काढून असे चालणारा कारकून दुसरा कोणी नसेल!

त्याआधी मोरेच्या मैदानात एक गोष्ट घडली, ती सांगण्यासारखी आहे. चाळीसेक किलोमीटरचा सपाट, निर्मनुष्य पठारी भाग. दोन केरळी मुले पंक्चर गाडीजवळ बसली होती. त्यांच्या आधी किती गाड्या निघून गेल्या होत्या ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. दादांनी चाक काढले, ट्यूब बाहेर ओढली, ठिगळ लावले आणि हातपंपाने हवा भरली. त्या उंचीवर हातपंप मारणे म्हणजे काय, ते मारणाऱ्यालाच ठाऊक. पन्नास झटके दादांचे, पन्नास भाच्याचे, मधे विश्रांती. सव्वा तास गेला. आमचा भाचा एरवी सव्वा मिनिटाचाही सिग्नल सोसत नाही.

रायडर लोक मनालीतच हँडलला पताकांची माळ बांधतात. निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा. आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी यांचे हे रंग. वाऱ्याबरोबर मंगल कामना सर्वांपर्यंत जावी म्हणून बौद्ध लोक त्या खिंडीवर बांधतात. आपल्या पंचरंगी धम्मध्वजाहून ही माळ वेगळी आहे, तरी ती धुळीत लोळताना पाहून आम्हाला वाईट वाटले. आमच्या दोन्ही माळा आम्ही तांगलांग ला येथे इतर पताकांच्या शेजारी बांधल्या.

लेहमध्ये एक गोष्ट पाहून बरे वाटले. तिथल्या बाया स्कूटरवर मुलांना घेऊन चढ-उतार सहज करतात. त्यांना कोणी रायडर म्हणत नाही. आपल्याकडे उर्वशी पाटोळे यांनी २०११ मध्ये 'बायकर्नी' ही महिला चालकांची संघटना सुरू केली, तेव्हा लोकांना नवल वाटले होते.

आणखी एक आकडा घरोघरच्या मुलांसाठी. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीवरची ४४ टक्क्यांहून अधिक. यातले बहुतेक लेहला नव्हे, कामावर किंवा घरी चालले होते. दादा गल्लीच्या तोंडापर्यंत जातानाही हेल्मेटचा पट्टा आवळतात. त्यावरून पोरे त्यांना हसतात.

शेवटी खारदुंग ला. तिथल्या पाटीवर बरीच वर्षे १८,३८० फूट आणि जगातला सर्वात उंच वाहनयोग्य रस्ता असे लिहिलेले असे. मोजणीत उंची १७,५८० फुटांच्या आसपास भरली आणि २०२१ मध्ये सीमा सडक संघटनेने उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवर रस्ता केला. तरी फोटोची रांग हटत नाही. भाच्याचा नंबर लागला तेव्हा दादा दुसऱ्याच कोणाची सैल झालेली चेन आवळत होते, त्यामुळे तिघांचा फोटो राहिला तो राहिलाच.

उतरताना चहाच्या टपरीवर भाचा म्हणाला, "काका, परतीला स्प्लेंडर मी घेऊ का?"

दादांनी किल्ली टेबलावर ठेवली. "घे. पण मामांना मागे बसव आणि चढावर उतरवू नकोस."