मतलई

ही गोष्ट एका चुकीच्या उत्तराची आहे, आणि चूक आमची होती.

आम्ही तिघे शिक्षक. तिघेही मालेगावकडचे, उर्दू माध्यमातून शिकून, बी.एड. करून नोकरीसाठी मुरूड तालुक्यात आलेलो. इथे येईपर्यंत समुद्र आम्ही फक्त नकाशात पाहिला होता. तरी खारे वारे कसे वाहतात हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून शिकवत आलो.

नववीतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. त्याचे अब्बा राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला पर्यटक नेतात, शिडाच्या होडीतून. आम्ही समजवायला घरी गेलो. शिक्षणाचं महत्त्व वगैरे बोलून झालं. चाचांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, एक दिवस होडीत या. मग बोलू."

संक्रांतीची सुट्टी होती. फज्रची नमाज पढून आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा अंधारच होता. मुलाने शीड चढवलं, चाचांनी बिस्मिल्ला म्हणून होडी सोडली. पाठीमागून, डोंगराकडून, थंड वारा येत होता. डाव्या हाताला दिघीचे दिवे. जंजिऱ्याची काळी भिंत अगदी जवळून गेली आणि होडी उत्तरेला वळली. इंजिनाचा आवाज नाही, फक्त पाण्याचा. आमच्यातल्या एकाला मळमळू लागलं. मुलगा हसून म्हणाला, "सर, लांब किनाऱ्याकडं बघा, पाण्याकडं नको. मतलई आहे तोवर पद्मदुर्गापर्यंत जाऊ."

"मतलई म्हणजे?"

"हाच की वारा. रात्री जमिनीवरून सुटतो तो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सहामाही परीक्षेत प्रश्न होता : रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला काय म्हणतात? पुस्तकातलं उत्तर 'नसीम-ए-बर्री'. या मुलाने उर्दू अक्षरांत 'मतलई' लिहिलं होतं. आम्ही त्यावर लाल रेघ मारून शून्य दिलं होतं. भलताच शब्द म्हणून शिक्षक-खोलीत हसलोही होतो.

मराठी माध्यमाच्या भूगोलात 'मतलई वारे' हाच शब्द आहे, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे शेजारच्या शाळेत हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. आणि शब्द तरी परका कुठे होता? गझलेच्या पहिल्या शेराला आम्ही मतला म्हणतो. अरबीत मतला म्हणजे उगवण्याची जागा. हा वाराही सूर्य उगवतो त्या बाजूने येतो. नातं असावं, असं वाटून गेलं. मग आम्ही होडीतच शब्द मोजू लागलो. सुक्कानचं सुकाणू, लंगरचा नांगर, नाखुदाचा नाखवा, जझीऱ्याचा जंजिरा. आम्ही ज्या भाषेचे शिक्षक, तिचे शब्द या लोकांच्या हातात रोज भिजत होते, आणि आम्ही ते चुकीचे ठरवत होतो.

दहाच्या सुमारास वारा पडला. शीड लोंबू लागलं. पद्मदुर्गाजवळ नांगर टाकून आम्ही भाकरी आणि तळलेला बांगडा खाल्ला. तिथून दोन्ही किल्ले दिसत होते, एक सिद्दींचा, एक शिवाजी महाराजांनी बांधलेला. चाचांसाठी दोन्ही वाट ओळखायच्या खुणा. जेवताना लक्षात आलं, चाचा डाव्या हाताने भाकरी मोडत होते. उजव्या हाताची तीन बोटं मिटतच नव्हती. दोन वर्षांपूर्वी दोरात सापडली होती.

"शिडाच्या दोरीला जोर लागतो," ते म्हणाले. "खलाशी ठेवला तर त्याला काय देऊ आणि घरी काय नेऊ?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी जमीन तापली आणि समुद्रावरून खारा वारा सुटला. फळ्यावरचा आमचा बाण आता पाठीवर लागत होता. परतताना दोरी मुलाच्या हातात होती. वाऱ्याचा झोत पोचण्याआधीच तो पाण्यावरचा काळपट पट्टा बघून दोरी सैल करायचा. चाचा सुकाणूवर बसून त्याच्याकडे बघत होते. अभिमान होता त्या नजरेत, आणि थोडी शरमही.

धक्क्यावर ठरलं ते इतकंच : शनिवार-रविवार गर्दी असते, तेव्हा मुलगा होडीवर, बाकीचे दिवस शाळेत. बुडालेला अभ्यास आम्ही संध्याकाळी घ्यायचा. चाचा "इन्शाअल्ला" म्हणाले. हा शब्द होकार होता की टाळणं, हे आम्हाला कळलं नाही.

तो सोमवारी आला. पुढच्या सोमवारी आला नाही, बुधवारी आला. दहावीपर्यंत टिकेल का, सांगता येत नाही. आम्ही कपाटातून त्याची उत्तरपत्रिका काढली, लाल रेघेशेजारी बरोबरची खूण केली आणि गुण वाढवले. फळ्यावर 'नसीम-ए-बर्री'च्या खाली 'मतलई' लिहिलं आणि तो धडा त्यालाच शिकवायला सांगितला. बाण काढताना त्याने एकदाही पुस्तकात पाहिलं नाही.