आठ सारखे चौकोन

गेल्या वर्षीं आमच्या कन्येचें पहिलें बाळंतपण एका मोठ्या रुग्णालयांत झालें. मुलगी झाली, वजन चांगलें भरलें, आणि आम्ही पेढे आणावयास निघालों. परत येऊन पाहतों तों कन्येचा चेहरा पांढराफटक! पांघरुणाखालीं रक्त साचलें होतें. पुढें तासभर जी धांवपळ झाली ती येथें सांगत नाहीं. ती वांचली, एवढें पुरे.

घरीं आल्यावर कागद चाळतांना एक पत्रक हातीं लागलें. प्रसूतीनंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनीं नाडी, रक्तदाब व रक्तस्राव पाहावा, असा नियम आहे. त्याप्रमाणें आठहि चौकोन भरलेले होते. आठहि ठिकाणीं रक्तदाब एकच, शाई एकच, अक्षराचा कलहि एकच. सौभाग्यवती तेथेंच बसून होत्या. त्या वेळांत खोलीकडे कोणी फिरकलें नव्हतें.

मोजमापानें जीव वांचतात, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत १८४६ सालीं डॉक्टरांच्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक माता दगावल्या, सुइणींच्या विभागांत ३ हूनहि कमी. या तफावतीनें सेमेल्वाइसला अस्वस्थ केलें, व १८४७ च्या मे महिन्यापासून त्यानें क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. १८४८ सालीं त्याच्या विभागाचा आंकडा दीडाच्याहि खालीं आला. (वरिष्ठांचा रोष व्हावयाचा तो झालाच.) परंतु तेथें मोजले ते मृत्यु. काळजी मोजावयाची म्हणजे ती घेणाऱ्याच्याच लेखणीवर विसंबावें लागतें, आणि घोटाळा तेथें होतो.

गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत तेथल्याच बायकांस नवजात अर्भकाचें वजन, श्वास व ताप पाहून घरींच उपचार करावयास शिकविलें. तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नें घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. त्या बायकांच्या नोंदी डॉक्टर गांवांत जाऊन ताडून पाहात. आमच्या मतें सारें नव्हे तरी बरेंचसें रहस्य त्या ताडण्यांत आहे.

निघतेवेळीं रुग्णालयानें आमचेंहि मत विचारलें होतें. छापील तक्त्यांत खोलीची स्वच्छता, जेवण, नोकरांची वागणूक, प्रत्येकास पांचांपैकीं गुण. रक्तस्रावाचा रकाना नव्हता. गाडी दारांत उभी, नात रडत होती. आम्हीं सर्व रकान्यांत ५ लिहून सही केली.