जुना टॅब आणि काळी चार



आमचं गागोदे बुद्रुक म्हणजे विनोबांचं जन्मगाव. 11 सप्टेंबर 1895 ला ते इथे जन्मले. त्यामुळे सप्टेंबर जवळ आला की मुलांच्या तोंडी गीताईचे श्लोक आलेच. गेल्या वर्षी नेमका तेव्हाच माझ्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला. आता सूर कोण देणार?

एका नातेवाइकाने पंचवीस पट्ट्यांचा छोटा म्युझिक कंट्रोलर दिला होता. घरात जुना अँड्रॉइड टॅब पडून होता. बाजारातून एक जोडकेबल आणली. दोन्हीकडची तोंडं बसली, म्हटलं झालं काम! पट्टी दाबली तर काहीच नाही. दोन दिवस खटपट केली आणि मुलांसमोरच म्हणालो, "टॅब जुना झालाय, निकामी आहे."

चौथीतला एक मुलगा म्हणाला, "सर, माझ्या काकाच्या मोबाईलला पेनड्राइव्ह लागतो. त्याची केबल आणू?"

ती केबल लावली आणि कंट्रोलरचा दिवा लागला. म्हणजे टॅब ठीकच होता, माझी केबल चुकली होती. मायक्रो यूएसबीच्या पिनेत पाच तारा असतात. ओटीजी केबलमध्ये त्यातली एक आतच ग्राउंडला जोडलेली असते. तेवढ्या खुणेवरून टॅबला कळतं की आता आपण यजमान, समोरचा पाहुणा. साध्या केबलमध्ये ही खूण नसते.

दिवा लागला, पण आवाज कुठाय? इथे दुसरा धडा मिळाला. अशा कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप तो पाठवतो. या निरोपांची भाषा म्हणजे मिडी, 1983 पासून चालत आलेली. पेटीवरची मधली पांढरी एक तिच्यात 60 क्रमांकाची. आवाज काढायचं काम टॅबमधल्या ॲपचं. अँड्रॉइडमध्ये मिडीची सोय 2015 साली, सहाव्या आवृत्तीत आली. माझा टॅब त्याआधीचा, म्हणून यूएसबी कंट्रोलर स्वतः ओळखणारं ॲप शोधावं लागलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी ओटीजी केबलने पेनड्राइव्ह लावून बघा. तो उघडला तर पुढे जायला हरकत नाही. कंट्रोलर टॅबचीच वीज खातो, म्हणून टॅब पूर्ण चार्ज करा. दिवा लुकलुकला तर मध्ये स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. कंट्रोलर आधी जोडा, ॲप नंतर उघडा. आणि स्पीकर वायरचाच घ्या, ब्लूटूथवर सूर मागे पडतो आणि मुलं गोंधळतात.

आता खरी गोष्ट सांगतो. माझी बोटं पेटीवर काळी दोनलाच बसलेली. माझा आवाजही तिथलाच. इतकी वर्षं मुलं माझ्याच पट्टीत गायली. वर्गातली एक मुलगी परिपाठात नुसते ओठ हलवायची. हिला सूर नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

कंट्रोलरवर पट्टी बदलायचं बटण असतं. बोटं तिथेच, सूर मात्र वर. सहज म्हणून ते पाच वेळा दाबलं, काळी दोनची काळी चार झाली. श्लोक सुरू झाला आणि मागच्या ओळीतून एक स्वच्छ आवाज आला. मी वळून पाहिलं. तीच होती.

टॅबला मी दोन दिवसांत निकामी ठरवलं होतं. तिला तर तीन वर्षांपूर्वीच.

11 सप्टेंबरला तिने पहिला श्लोक एकटीने म्हटला. पेटीचा भाता आता दुरुस्त झालाय. मी काळी चारमध्ये वाजवायला शिकतोय. तुमच्या वर्गात कोण नुसते ओठ हलवतंय, उद्या परिपाठात जरा बघा. आणि आधी पट्टी बदलून बघा.