मूळचे खासदार

म्हणी करणाऱ्यांनी एका माणसावर मोठा अन्याय केला आहे. ‘गंगेत घोडं न्हालं’ असे आपण एखादे अवघड काम पार पडले की समाधानाने म्हणतो. पण घोडे काही आपले आपण न्हात नाही. त्याला नदीवर नेणारा, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याची पाठ चोळणारा आणि त्याने अंग झाडले की स्वतः नखशिखांत भिजणारा कोणीतरी असतोच. म्हणीत गंगा आली, घोडे आले; हा माणूस तेवढा बाहेर राहिला. ‘घोडा का अडला, भाकरी का करपली?’ या जुन्या कोड्याचे उत्तरही ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे. कोणी न फिरवल्यामुळे, हे विचारायचे कोड्याला सुचले नाही आणि आपल्यालाही नाही.

या माणसाला मराठीत नावांची वाण नाही. मोतद्दार हे त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. शहरातले लोक त्याला सईस म्हणतात. तिसरे नाव मात्र वर्गात सांगितले की मुले हसू लागतात. जुन्या शब्दकोशात ‘खासदार’ हा शब्द काढून पाहा. घोड्याची निगा राखणारा चाकर असा अर्थ तेथे दिलेला सापडेल. दिल्लीच्या संसदेत बसणाऱ्या सभासदांना हा शब्द अलीकडे मिळाला; मूळचे खासदार तबेल्यात होते. शब्द तबेल्यातून निघाला आणि थेट लोकसभेत जाऊन बसला. इतकी बढती आपल्या भाषेत फारच थोड्या शब्दांना मिळाली असेल. ज्या माणसाचा तो शब्द होता तो मात्र आहे तेथेच आहे, हातात खरारा घेऊन.

तसे पाहिले तर आपल्या पुराणांनी या धंद्याला कमी लेखलेले नाही. अज्ञातवासात नकुल विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक या नावाने राहिला. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात अर्जुनाचे घोडे सोडून त्यांना पाणी पाजले, त्यांच्या अंगातले बाण काढले आणि त्यांना चोळूनमाळून ताजे केले, ते साक्षात श्रीकृष्णाने. आणि नलराजाचे काय? राज्य गेले, रूप गेले, तेव्हा बाहुक होऊन तो ऋतुपर्णाच्या दारी घोड्यांच्या चाकरीला राहिला. मला या कथेतली आवडती गोष्ट अशी की तेथे पगाराची बोली स्पष्ट झालेली आहे. शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार, असे वेतन राजाने पहिल्याच भेटीत ठरवून टाकले आणि हाताखाली दोन माणसेही दिली. दमयंतीचे अश्रू कवींनी पुष्कळ गायिले; ही बोली कोणी गायिली नाही. पण व्यवहाराच्या दृष्टीने ऋतुपर्ण हा आदर्श धनी होता असे माझे मत आहे.

इतिहासातही हिशेब चोख होता. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, त्याला सालीना पाचशे होन. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा हे दोघे सेनापतीच्याच यादीत मोजलेले आहेत. घोडदळ शौर्यावर चालते तितकेच पाण्याच्या पखालीवरही चालते, हे त्या राज्याला पक्के कळले होते.

मला हे सारे सुचण्याचे कारण म्हणजे आमचे कबनूर. इचलकरंजीच्या कुशीतले हे गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट चालू असतो. पण या भागात उरूस आले, जत्रा आल्या की रस्ते मोकळे होतात आणि घोडागाड्यांच्या शर्यती लागतात. अशाच एका शर्यतीचे पत्रक माझ्या हाती पडले. पहिल्या क्रमांकाला रोख रक्कम आणि ढाल, दुसऱ्याला इतके, तिसऱ्याला इतके. देणगीदारांची नावे ठळक अक्षरांत, पुढाऱ्यांचे फोटो, खाली गाडीमालकांसाठी सूचना. सगळे पत्रक दोनदा वाचले. मोतद्दार हा शब्द त्यात कोठेही नव्हता.

शर्यत संपल्यावर गर्दी जिंकलेल्या गाडीभोवती जमली, तेव्हा मी हरलेल्या एका घोड्यापाशी उभा होतो. पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ ओल्या पोत्याने घोड्याचे अंग पुसत होता. धापा टाकणाऱ्या घोड्याला एकदम पाणी पाजायचे नाही, आधी हळूहळू फिरवायचा, घाम सुकू द्यायचा, मग घोट घोट पाणी, असे ते मला समजावून सांगत होते. मी विचारले, “मामा, पगार किती मिळतो?”

“पगार?” ते हसले. “मालक काय कमी करत न्हाईत बगा, सर. जेवाण हाय, कापडं हाईत, शर्यत मारली की बक्षिसी हाय.”

“आणि शर्यत हरली तर?”

त्यांनी घोड्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही. “तर मग काय मागायचं? ह्येच्या खुराकाला म्हैन्याला जेवडं जातंय, तेवडं माज्या घरात जात न्हाई. पर ह्येला सोडून जाववत न्हाई.”

त्या शेवटच्या वाक्यात या धंद्याची सारी मेख आहे. मोतद्दाराला जनावराची माया असते, आणि ही माया पगारात धरली जाते. आईच्या स्वयंपाकाचा हिशेब होत नाही, तसा त्याच्या जाग्रणाचाही होत नाही. पहाटे चारला उठून लीद काढायची, गवत बदलायचे, चंदी भिजवायची, तोबरा बांधायचा, खरारा करायचा, खुरांत अडकलेले खडे उकरायचे, दुपारी पुन्हा दाणापाणी, संध्याकाळी फिरवणे. रात्री घोड्याच्या पोटात कळ आली तर उजाडेपर्यंत त्याला घेऊन चालत राहायचे, कारण पोटशूळ झालेला घोडा लोळू लागला तर आतडे पिळवटून दगावण्याचा संभव असतो. लाथ बसून बरगडी मोडणे ही रोजची जोखीम. तबेल्याच्या मातीत जखम झाली तर धनुर्वाताची भीती. यांतल्या कोणत्या कामाला किती दाम, हे विचारण्याची चालच नाही.

आमच्या गावात तर हे अधिकच डोळ्यांत भरते. मागावरच्या कामगाराची मजुरी कशी ठरते, हे येथे शेंबडे पोरही सांगेल. कापडातल्या आडव्या धाग्याला पीक म्हणतात. पिकांची मोजदाद होते आणि मीटरमागे पैसे ठरतात. भाव परवडला नाही तर भांडण होते. २०१३ साली इचलकरंजीत मोठा संप झाला आणि मजुरीवाढीचा करार झाला. यंत्रमाग कामगार सुखी आहे असे मी म्हणणार नाही. पण आपल्या कामाचे माप काय आणि भांडायचे कोणाशी, हे त्याला ठाऊक आहे. सुताचे धागे मोजता येतात. घोड्याजवळ काढलेल्या रात्री कोणी मोजत नाही.

हे केवळ आमच्या खेडवळ शर्यतींपुरते असेल असे वाटून मी मनाची समजूत घालीत होतो. पण पुढे एकदा मार्गशीर्षात सारंगखेड्याला जाण्याचा योग आला. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे. कानांची टोके एकमेकांना भिडलेली, अंगावर भरजरी झुली. रूपाच्या आणि चालीच्या स्पर्धा होतात, ढोलाच्या तालावर घोडे नाचतात, लाखालाखांच्या बोली कानांवर येतात. रात्री मात्र तापीवरून झोंबणारा वारा सुटला. घोड्यांवर जाड घोंगड्या चढल्या आणि त्यांच्या पायांशी, गवताच्या पेंढ्यांना टेकून, माणसे मुटकुळे करून झोपली. सकाळी स्पर्धेत पुकारा झाला तो घोड्याच्या नावाचा आणि मालकाच्या नावाचा. लगाम धरून घोड्याबरोबर धावत रिंगणात आलेल्या माणसाचे नाव पुकारणाऱ्याच्या कागदावर नव्हतेच.

मुंबईच्या महालक्ष्मीचे रेसकोर्स तर १८८३ सालचे. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला. घोड्यांबरोबर सईसांचीही बिऱ्हाडे हलतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने रेसक्लबांच्या खटल्यात कामगार विम्याच्या कायद्यापुरते रेसक्लब हे ‘दुकान’च होय असा निकाल दिला. निकाल चांगला, क्लबाच्या नोकरांना आजारपणाचा आधार मिळायची वाट त्याने मोकळी झाली. पण सईस हा बहुधा क्लबाचा नोकर नसतो. तो घोडे तयार करणाऱ्या ट्रेनरचा माणूस असतो. घोडा एकाचा, तालीम दुसऱ्याची, मैदान तिसऱ्याचे. प्रश्न निघाला की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि मोतद्दार मधल्यामध्ये उभा राहतो.

साहेबाच्या देशात तरी निराळे असेल म्हणावे, तर तेथेही मातीच्याच चुली. इंग्लंडात न्यूमार्केट म्हणजे शर्यतींची पंढरी. १९७५ साली तेथल्या तबेल्यांतल्या कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला आणि ऐन मोठ्या शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवर ठाण मांडले. उंची पोशाखातले प्रेक्षक त्यांच्या अंगावर धावून गेले. ज्यांच्या हातांनी ते घोडे इतके देखणे झाले होते, त्यांचे हात त्या दिवशी प्रथमच लोकांच्या नजरेस पडले आणि लोकांना ते आवडले नाहीत. २०१८ साली अमेरिकेत ट्रायन येथे अश्वारोहणाच्या जागतिक स्पर्धा झाल्या. कोट्यवधींचे घोडे नीट बांधलेल्या ठाणांवर होते, आणि राहण्याच्या खोल्या पुऱ्या न झाल्याने मोतद्दारांना तंबूत दाटीवाटीने खाटा टाकून दिल्या. त्याची छायाचित्रे जगभर गेली तेव्हा कोठे धावपळ सुरू झाली. इतके मात्र खरे की तिकडे ते बोलू लागले आहेत. ब्रिटनमध्ये २००७ साली त्यांची स्वतःची संस्था निघाली.

आपल्याकडे २०१४ साली बैलगाडी शर्यतींवर बंदी आली, २०२१ साली ती अटी घालून उठली, २०२३ साली घटनापीठाने कायदा मान्य केला. या काळात जनावरांच्या हालांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. धावपट्टी किती लांब असावी, पशुवैद्याने काय तपासावे, सारे लिहून निघाले. मुके जनावर बोलत नाही म्हणून आपण त्याच्या वतीने बोललो. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस बोलू शकतो. म्हणूनच की काय, त्याच्या वतीने कोणी बोलले नाही.

आमच्या कोल्हापुराला मात्र या बाबतीत निमित्त सांगता येणार नाही. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे मोतद्दार होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तेथल्याच इतर नोकरांनी बेदम मारले. महाराज परगावाहून परतल्यावर सोनतळीला जाऊन त्यांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडून काढले, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यापुढची अधिक मोलाची वाटते. महाराजांनी गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे ‘सत्यसुधारक हॉटेल’ निघाले, आणि करवीरचे छत्रपती तेथे जाऊन उघडपणे चहा घेऊ लागले. जखमेवर कनवाळूपणाची फुंकर घालून महाराज थांबले नाहीत. ज्या माणसाला आजवर बक्षिसी मिळत होती त्याच्या हाती त्यांनी गल्ला दिला. दया आणि न्याय यांत काय अंतर असते ते कळायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

प्रत्येक मोतद्दाराने हॉटेल काढावे असे कोण म्हणेल? आणि मग घोडे कोणी सांभाळायचे? पण ऋतुपर्णाइतके तरी करायला काय हरकत आहे? ठरलेला पगार, तोही बोलून, लिहून. शर्यत हरली तरी तो चुकू नये. लाथ बसली तर औषधपाण्याचा खर्च कोणी द्यायचा ते आधी ठरलेले असावे. परगावी प्रदर्शनाला गेले तर घोड्याइतकीच कोरडी जागा त्यालाही असावी. आणि पत्रकावर, देणगीदारांच्या खाली, का होईना, एक ओळ असावी: मोतद्दार अमुक अमुक. छापखानेवाला या एका ओळीचे वेगळे पैसे घेणार नाही. बाकीच्याला मात्र पैसे लागतील आणि ते घोड्याच्या झुलीवरच्या जरीतून सहज निघतील.

येत्या दत्तजयंतीला तापीच्या काठी पुन्हा घोडे नाचतील, आमच्याकडे पुन्हा घोडागाड्या सुटतील. तुम्ही मुलाबाळांना घेऊन गेलात तर मुले घोड्याकडे बोट दाखवतील, त्याचे नाव विचारतील. ते जरूर सांगा. मग लगाम धरून उभ्या असलेल्या माणसाकडे वळून मुलांदेखत त्याचेही नाव विचारा. आणि धीर झाला तर मालकाला बाजूला घेऊन पगारही विचारा. या दुसऱ्या प्रश्नाने मालक जरा अवघडेल. अवघडू द्यावा.