नातवाची जड गोधडी

बहिणींनो, गोधडी आपल्याला नवी नाही. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची आणि कडेने धावदोरा घालीत आत आत यायचे, हे काम आपण आईच्या शेजारी बसून शिकलो. पण आज सांगते ती गोधडी निराळी आहे. ती उबेसाठी नाही, वजनासाठी आहे. ज्या घरात एखादे लेकरू आवाजाने, गर्दीने, अंगावरच्या कपड्यानेसुद्धा कासावीस होते, त्या घरासाठी हे लिहिते आहे.

माझा नातू सात वर्षांचा. मळणीयंत्र सुरू झाले की कानावर हात ठेवून किंचाळायचा. सदऱ्याची शिवण टोचते म्हणून सदरा ओरबाडून काढायचा. रात्री दोन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. सूनबाई दिवसा रानात आणि रात्री त्याच्या उशाशी. वाळून काडी झाली होती. गावात कोणी म्हणे, "हट्टी आहे, दोन ठेवून द्या." कोणी म्हणे, "बाहेरचं आहे, उतारा काढा." आम्ही दोन्ही केले नाही. शाळेत तपासणीला आलेल्या सरकारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय गाठले. 'स्वमग्नता' हा शब्द तिथे कानी पडला.

तिथल्या बाईंनी नीट समजावले. असे मूल मुद्दाम हट्ट करीत नाही. आपल्याला सहज सोसणारा आवाज त्याला घणासारखा लागतो. उलट अंगभर सारखा पडलेला दाब यांतल्या काही मुलांना फार बरा वाटतो. रडून दमला की आमचा पोरगा कोठीच्या खोलीत धान्याच्या पोत्यांमध्ये अंग घुसवून का बसतो, ते मला तेव्हा उमगले.

गुरे पाळणाऱ्यांना पटेल अशी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या बाई आहेत. जन्म १९४७ चा, आणि त्याही स्वमग्न. वयात येताना त्या ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या वाड्यावर राहिल्या. तिथे लस टोचताना गुरे दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या खोड्यात घालीत. बिथरलेली काही जनावरे त्यात शांत होताना त्यांनी पाहिली, आणि तशीच फळ्यांची पेटी स्वतःसाठी केली. पुढे त्या कोलोराडोच्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. पण त्या पेटीची खरी गोम अशी, की दाब कमी-जास्त करायची कळ त्यांच्या स्वतःच्या हातात होती. हे मनात पक्के ठेवा.

आता शिवण्याचे सांगते. वजनाचा ढोबळ हिशेब असा, की मुलाच्या वजनाचा दहावा हिस्सा. थोडे कमी चालेल, जास्त नको. आमचा नातू वीस किलो, म्हणून गोधडी दोन किलोची. कापड अर्धा किलो भरले, राहिले दीड किलो भरण.

भरायला ज्वारी घालू नका. सोंडे लागतात, उंदीर येतात आणि धुतली तर मोड येतात. वाळूची धूळ कापडातून गळते. शिसे तर विषारीच. ठिबकच्या नळ्या ज्यापासून करतात तो नवा, स्वच्छ प्लास्टिक दाणा बरा. धुता येतो, कुजत नाही.

मांजरपाटाचे चार फूट लांब, तीन फूट रुंद असे दोन तुकडे घ्या; शिवणीला जागा वेगळी सोडा. तीन बाजू दुहेरी शिवा, वरची आखूड बाजू उघडी ठेवा. तळापासून तोंडापर्यंत चार-चार इंचांवर उभ्या शिवणी मारल्या की नऊ नळ्या होतात. प्रत्येक नळीत चौदा ग्रॅम दाणा सोडा, खाली झटका आणि चार इंचांवर आडवी शिवण घाला. अशा बारा ओळी, एकशे आठ घरे. चौदा ग्रॅम मी सोनाराच्या काट्यावर तोलून घेतले आणि तेवढेच मावेल अशी डबी कापून माप केले. वरून माझ्या जुन्या मऊ लुगड्याची खोळ घातली. शिवण उसवली तर दाणे मुलाच्या तोंडात जातील, म्हणून दर आठवड्याला पाहत जा.

आता जपायचे ते. तान्ह्या किंवा लहान बाळावर ही घालू नये. दमा, फेफरे, हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिवूच नये. तोंडावर कधी घेऊ नये, मुलाला तिच्यात गुंडाळू नये, बांधू नये. २००८ साली कॅनडातील एका शाळेत नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा अशा जड पांघरुणात गुंडाळला गेला आणि दगावला. मुलाला एका हाताने भिरकावता आली तरच ती त्याची गोधडी. शिक्षा म्हणून अंगावर टाकली तर तो खोडाच झाला. पहिले काही दिवस जागेपणी, पंधरा-वीस मिनिटे, कोणीतरी जवळ बसून द्यावी.

हा रामबाण उपाय नव्हे. इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांवर याची परीक्षा घेतली, तिचा निकाल २०१४ साली छापून आला. झोपेचे तास काही वाढले नाहीत. पण मुलांना आणि आईबापांना साध्या पांघरुणापेक्षा हीच आवडली. आमच्याकडेही तसेच. नातू अजून उशिराच झोपतो. पण मळणीच्या दिवशी किंचाळण्याऐवजी स्वतः जाऊन गोधडी ओढून आणतो, अंगावर घेतो आणि यंत्र थांबेपर्यंत निपचित पडतो. नको झाली की फेकतो. तेवढ्या वेळात सूनबाईचा घास सुखाने पोटात जातो.

तुमच्या भावकीत असे मूल असेल तर त्याच्या आईला नावे ठेवू नका. आधी जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवा. डॉक्टरांनी होकार दिला, तर चार जणी मिळून दोन दुपारी तिच्या ओसरीवर बसा. एकशे आठ घरे एकटीने भरायला फार वेळ लागतो.