लाकूड तेच, रूळ नवे

अमेरिकेत टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला १९९० साली ‘टेक्सास जायंट’ हा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. अशा कोस्टरचे रूळही लाकडाचेच असतात. फळ्यांचे थर एकावर एक बसवायचे आणि वर पोलादाची पातळ पट्टी ठोकायची. धक्के खाऊन फळ्या सैल होतात, गाडी खडखडते, डागडुजी काही संपत नाही. २००९ मध्ये तो बंद झाला.

तुम्हाला वाटेल, पाडला असेल. पण नाही! आयडाहोतल्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने बराचसा लाकडी सांगाडा तसाच ठेवला आणि त्यावर पोलादी रूळ बसवले. या प्रकारचे हे त्यांचे पहिलेच काम. २०११ मध्ये ‘न्यू टेक्सास जायंट’ धावू लागला. उंची १४३ फुटांवरून १५३ फूट झाली आणि पहिला उतार ५३ अंशांवरून ७९ अंशांवर गेला. म्हणजे जवळजवळ उभाच!

असे बदल झाले की जुन्या खडखडाटाच्या आठवणीने हळहळणारी माणसे असतातच. मला ती वेडी वाटत नाहीत.

आमच्या हिच्या गुडघ्यात गेल्या वर्षी धातूचा सांधा बसवला. हाडे तीच, झिजलेला भाग तेवढा नवा. आता ती जिना सहज चढते. पूर्वी पाय ओढत चालण्याच्या आवाजावरून ती घरात कुठे आहे हे मला बसल्या जागी कळायचे. आता हाक मारावी लागते. तो आवाज आठवतो खरा, पण तो तिच्या दुखण्याचा आवाज होता.